मनोऱ्याला वळण कशाने यावे? वास्तुविशारदांना खुले पत्र

प्रति,
मुंबई महानगर प्रदेशात मिश्र वापराच्या उत्तुंग इमारतींचे आराखडे करणारे सर्व वास्तुविशारद

विषय : प्रवाही, शिल्पासारख्या आकाराच्या मनोऱ्यांची रचना ठरवण्याचा क्रम

स. न. वि. वि.

आपल्या कार्यालयांतून आमच्यासारख्या आरसीसी कन्सल्टंटांकडे, म्हणजे इमारतीच्या काँक्रीटच्या सांगाड्याची रचना करणाऱ्या अभियंत्यांकडे, येणाऱ्या नकाशांचे रूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. पूर्वी एका मजल्याचा प्लॅन आणि त्यावर ‘टिपिकल फ्लोअर’ एवढी नोंद आली की चाळीस मजल्यांचे काम सुरू होत असे. आता मजलागणिक कड बदलणाऱ्या गॅलऱ्या, वर जाताना पीळ घेणारे मनोरे, मध्येच दुभंगून पुन्हा जुळणारे आकार संगणकावर फिरवून दाखवले जातात. ते पाहताना मलाही आनंद होतो, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा मजकूर वाचून मी सरळ ठोकळ्यांची वकिली करतो आहे असा कोणाचा समज होऊ नये. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. बहुतेक वेळा आकार आधी ठरतो, त्याचे चित्र विकासकाला पसंत पडते, माहितीपत्रकावर छापले जाते, आणि मग त्या आकारात दुकाने, कचेऱ्या, हॉटेल आणि घरे कशी बसवायची याची खटपट सुरू होते. मिश्र वापराच्या इमारतीत हा क्रम उलटा हवा, कारण वळणाची सर्वांत सबळ कारणे त्या वापरांतच असतात.

मजल्याच्या खोलीचेच पाहा. दुकानांना रस्त्यालगत ऐसपैस, सलग जागा लागते आणि तिच्या आतल्या भागात उजेड पोहोचला नाही तरी बिघडत नाही. कचेरीतही गाभ्यापासून, म्हणजे लिफ्ट आणि जिने असलेल्या मधल्या भागापासून, खिडकीपर्यंत बरेच अंतर चालून जाते. घराचे तसे नाही. स्वयंपाकघर असो वा निजायची खोली, प्रत्येकीला बाहेरची भिंत हवी असते, म्हणून घरांचा मजला फार खोल करता येत नाही. शिवाय वर जावे तसतशा खालच्या मजल्यांच्या लिफ्ट संपत जातात आणि गाभा आपोआप बारीक होतो. म्हणजे तळाशी रुंद आणि माथ्याकडे निमुळते होत जाणे हा मिश्र वापराच्या मनोऱ्याचा स्वभावच म्हणायचा. शिकागोतील जॉन हॅन्कॉक सेंटर या १९६९ साली उभ्या राहिलेल्या शंभर मजली इमारतीत अभियंते फझलूर खान आणि वास्तुविशारद ब्रूस ग्रॅहम यांनी हा स्वभाव ओळखला होता. तळाशी तिचा मजला सुमारे ८० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद आहे, तर माथ्याशी तोच ४९ बाय ३० मीटर होतो. खाली दुकाने, वाहनतळ आणि कचेऱ्या आहेत आणि ४४व्या मजल्यापासून घरे सुरू होतात. त्या इमारतीत डोळ्यांत भरणारी एकही वक्र रेषा नाही. पण तिचा उतार कशासाठी आहे, हे तिच्या कोणत्याही मजल्यावर उभे राहून सांगता येते. आपल्या वळणाला हीच परीक्षा लावावी, एवढेच माझे मागणे आहे.

याच्या नेमके उलट टोक लंडनमध्ये पाहायला मिळते. २०, फेनचर्च स्ट्रीट ही राफाएल विन्योली यांची कार्यालयीन इमारत वर जाताना फुगत जाते, कारण वरच्या मजल्यांना भाडे जास्त मिळते. तिच्या दक्षिणेकडच्या अंतर्वक्र काचेने २०१३ च्या उन्हाळ्यात सूर्यकिरण एकवटून रस्त्यावर पाडले आणि तिथे उभ्या असलेल्या एका मोटारीचे भाग वितळले. पुढे त्या काचेवर आडव्या पट्ट्यांचे छत्र बसवावे लागले. अंतर्वक्र आरसा काय करतो हे शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवतात, तरीही ते एवढ्या अनुभवी माणसांच्या नजरेतून निसटले. मुंबईचे ऊन लंडनपेक्षा किती प्रखर आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको, आणि पश्चिमेला समुद्र दिसतो म्हणून आपल्याकडे बहुतेक मनोऱ्यांची काच नेमकी त्याच बाजूला असते.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही मांडणी गिरगाव, काळबादेवी किंवा दादरच्या रानडे रस्त्यावर फिरणाऱ्याला नवी नाही. गोलाईही नवी नाही. चर्चगेटसमोरची १९३८ ची इरॉस इमारत चित्रपटगृह, दुकाने आणि कचेऱ्या एकत्र वागवते आणि दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर वळण घेते. तिची गोलाई कोपऱ्यावरून येणाऱ्या माणसाला आत घेण्यासाठी आहे. साओ पावलोमधील ऑस्कर नीमायर यांची कोपान ही १९६६ साली पुरी झालेली इमारत नागमोडी आहे आणि तिच्यात १,१६० घरे आहेत, पण तिच्याविषयी बोलताना तळमजल्याचा उल्लेख क्वचितच होतो. तिथली दुकानांची गल्ली जमिनीच्या मूळ उतारावरूनच जाते, त्यामुळे पदपथावरचा माणूस दार न ओलांडता आत शिरतो. आपल्याकडचे शिल्पाकार मनोरे मात्र सहा-सात मजली पार्किंगच्या पोडियमवर ठेवलेले असतात. आकाशात कितीही डौलदार वळण असो, रस्त्यावरून चालणाऱ्याच्या वाट्याला जाळीची कोरी भिंत आणि गाड्यांचा रॅम्प येतो. मिश्र वापर ज्या ठिकाणी शहराला भेटतो तीच जागा आपण निर्जीव ठेवतो, आणि वळण जिथे कोणाचा हात पोहोचत नाही तिथे खर्च करतो. इमारतीला एकच वळण परवडणार असेल, तर ते तळमजल्यावर द्यावे, असे माझे मत आहे.

उंचावर वळण हवे असण्याचे एक खरेखुरे कारण वारा आहे. सरळ कडांच्या, वरपासून खालपर्यंत एकसारख्या इमारतीवर वारा आदळला की तिच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात. त्यांची लय आणि इमारतीची स्वतःची डोलण्याची लय जुळली की ती वाऱ्याच्या दिशेला आडवी झुलू लागते. इमारत पडत नाही, पण पन्नासाव्या मजल्यावर राहणाऱ्याला वादळी रात्री मळमळते. उंचीनुसार आकार बदलत नेला तर प्रत्येक पातळीवर भोवरे वेगवेगळ्या लयीत सुटतात आणि त्यांची एकजूट होत नाही. शांघाय टॉवर या ६३२ मीटर उंच मनोऱ्याला तळापासून माथ्यापर्यंत १२० अंशांचा पीळ आहे. हा कोन वारा-बोगद्यात, म्हणजे यंत्राने वारा सोडलेल्या बंदिस्त बोगद्यात, प्रतिकृतींवर चाचण्या घेऊन ठरवला गेला, आणि त्यामुळे वाऱ्याचा भार २४ टक्क्यांनी घटला. शिकागोच्या ॲक्वा टॉवरमध्ये जीन गँग यांनी ८२ मजल्यांच्या स्लॅबच्या कडा लाटेसारख्या कमीअधिक पुढे काढल्या आहेत. त्या लाटा वाऱ्याचा जोर इतका मोडतात की झोके शमवणाऱ्या वजनदार यंत्रणेची तिथे गरज पडली नाही. त्याच शहरातील सेंट रेजिस इमारतीत तर ८३वा मजला वाऱ्याला आरपार जाऊ देण्यासाठी मोकळा सोडला आहे.

आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, आणि उंच काँक्रीट इमारतींसाठी २०१७ पासून आयएस १६७०० ही स्वतंत्र संहिता आहे. वारा-बोगद्याची चाचणी आपण करतोही. पण करतो ती बहुधा आकार पक्का झाल्यावर, दाखल्यासाठी. तेव्हा कोणी ‘हा कोपरा दोन मीटर गोल केला तर भार बराच उतरेल’ असे सांगितले तरी काही बदलता येत नाही, कारण त्या कोपऱ्यातला फ्लॅट विकलेला असतो. ही चाचणी संकल्पनेच्या टप्प्यावर, तीन-चार पर्यायी आकारांवर एकदम करून घ्यावी. मुख्य प्रकल्पाच्या मानाने तिचा खर्च किरकोळ असतो.

आता पिळाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या टेबलावर सर्वांत जास्त वाद याच मुद्द्यावर होतात. मजले फिरले तरी लिफ्ट फिरत नाही, जिना फिरत नाही आणि सांडपाण्याचा पाइपही फिरत नाही. खांब मजल्याबरोबर कलते नेले, तर प्रत्येक कलता खांब स्लॅबला आडवा रेटा देतो, आणि हे सारे रेटे एकाच दिशेने गोल फिरणारे असल्यामुळे वारा नसताना, निव्वळ स्वतःच्या वजनाने इमारत गाभ्याला पिळत राहते. काँक्रीट भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू आखडत जाते, तशी ही पिळवणूकही वाढत जाते. यावर मार्ग नाही असे नाही. कॅनडातील मिसिसागा येथे २०१२ साली पूर्ण झालेल्या ॲब्सोल्यूट वर्ल्ड या निवासी जोडमनोऱ्यांपैकी उंच मनोरा ५६ मजल्यांत २०९ अंश फिरतो, पण त्याच्या भारवाही भिंती फिरत नाहीत. त्या जागच्या जागी सरळ उभ्या राहतात आणि मजल्याची कड जिथे जाईल त्यानुसार लांब किंवा आखूड होतात. बाहेरून दिसणारा पीळ गॅलऱ्यांच्या कडेचा आहे, आतला सांगाडा सरळच आहे. ॲक्वामध्येही लाटांच्या मागे सरळसोट काचेची पेटी आहे. ही फसवणूक आहे असे काही जण म्हणतील. मला तो शहाणपणा वाटतो.

आपल्या घरांमध्ये तर आणखी एक अडचण आहे. शौचालय आणि मोरी बाहेरच्या भिंतीला लागून, डक्टला चिकटून ठेवण्याची आपली पद्धत आहे. हवा खेळती राहते आणि गळती झाली तर प्लंबरला डक्टमध्ये उतरता येते. मजला दोन अंशांनी जरी फिरला, तरी दहा मजल्यांत खालच्याची मोरी वरच्याच्या दिवाणखान्याखाली येते. म्हणून ज्याला पीळ द्यायचा आहे त्याने साऱ्या ओल्या जागा गाभ्याभोवती गोळा कराव्यात आणि त्यांच्या वायुवीजनाची यांत्रिक व्यवस्था, तिच्या विजेच्या बिलासकट, पहिल्याच दिवशी मान्य करावी. हे मान्य नसेल तर पीळ नको. अलीकडे एका प्रकल्पात, नाव घेत नाही, सोळाव्या मजल्यावर पाइपांना आडवे नेऊन पुन्हा खाली सोडण्याचा तोडगा निघाला. ते आडवे पाइप एका घराच्या छतात आले आणि पहिल्याच वर्षी तुंबले.

वापर बदलतो त्या मजल्यावर खांबांची मांडणीही बदलते. पार्किंगला आणि दुकानांना आठ-नऊ मीटरच्या अंतरावर खांब सोयीचे, तर वरच्या घरांना मायवान शटरिंगमध्ये, म्हणजे मजल्यामागून मजल्याला पुन्हा वापरायच्या ॲल्युमिनियमच्या साच्यांत, ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. या दोहोंच्या मध्ये वरच्या भिंतींचा भार खालच्या खांबांवर नेणारे पुरुषभर उंचीचे ट्रान्सफर गर्डर येतात आणि पोलाद व सिमेंटचा मोठा हिस्सा तिथेच मुरतो. आकाराला वळण द्यायचे तर या सांध्यांवर द्यावे. पाइप आणि यंत्रसामग्रीचा सर्व्हिस फ्लोअर, आगीच्या वेळी थांबण्याचे आश्रय मजले आणि ट्रान्सफरचा मजला या तिन्ही जागा नियमाने आणि गरजेने आपोआप येतातच. तिथे इमारत आत ओढली, फुगवली किंवा दुभंगली तर रचनेचा जादा खर्च फारसा वाढत नाही. बीजिंगच्या लीझा सोहो या झाहा हदीद यांच्या कार्यालयाने रचलेल्या आणि २०१९ साली पूर्ण झालेल्या मनोऱ्याचे दोन अर्धे भाग एकमेकांभोवती वळत जातात आणि मध्ये १९४ मीटर उंचीची पोकळी राहते. ते रूप पाहून लहर वाटते खरी, पण भूखंडाखालून तिरका जाणारा भुयारी रेल्वेचा बोगदा त्याच्या मुळाशी आहे. बोगद्यावर पाया घेता येत नव्हता, म्हणून इमारत दोन तुकड्यांत उभी राहिली. मुंबईत भुयारी मेट्रोच्या मार्गालगत आता जे भूखंड विकसित होत आहेत, तिथे आपल्यापुढेही असेच प्रश्न येणार आहेत.

हवामानाविषयी लिहिताना चार्ल्स कोरिया यांच्या कंबाला हिलवरील कांचनजंगाला टाळून पुढे जाता येत नाही. १९८३ साली पुरी झालेली ही २८ मजली इमारत चौकोनी आहे. तरीही ती मला मुंबईतला सर्वांत शिल्पाकार मनोरा वाटते, कारण तिचे कोपरे दुमजली उंचीच्या गच्च्यांनी कोरून काढलेले आहेत. समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो. कोरियांनी जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची युक्ती उंचावर नेली आणि राहत्या खोल्या त्या गच्च्यांच्या आड ठेवल्या. आकार कोरला गेला तो ऊन, पाऊस आणि वाऱ्याच्या हिशेबाने.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उंचावर तो वरून कमी आणि बाजूने जास्त येतो. सरळ भिंतीवर छज्जा असतो, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी बोटभर खाच असते, आणि तिथून पाणी भिंतीपासून सुटून खाली पडते. गुळगुळीत वक्र पृष्ठभागाला अशी कडच नसते. पाणी त्या पृष्ठभागाला धरून खाली, मग आत, मग खिडकीच्या चौकटीखालच्या सीलंटपर्यंत जाते. पहिल्या पावसाळ्यानंतर पांढऱ्या वळणावर काळे ओघळ उमटतात, दुसऱ्या पावसाळ्यात त्यांत शेवाळ धरते. मरीन ड्राइव्हच्या जुन्या गोलाकार इमारतींकडे नीट पाहिले तर प्रत्येक खिडकीवर भुवईसारखा छज्जा दिसेल. त्या पिढीला गोलाई आणि पाऊस दोन्ही सांभाळता येत होते. आपल्या प्रत्येक वक्र पृष्ठभागाचा एक उभा छेद काढून त्यावर पावसाच्या एका थेंबाचा मार्ग माथ्यापासून जमिनीपर्यंत बाणाने दाखवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जिथे बाण अडखळेल तिथे गळती होणार हे धरून चालावे.

नियमांचाही आकारावर हात असतो, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. फ्लॉवर बेड, डेक आणि तत्सम भाग चटई क्षेत्रात मोजले जात नव्हते तेव्हा प्रत्येक दर्शनी भागाला अचानक फुगवटे आले, आणि ताबा मिळाल्यावर तेच फुगवटे खोल्यांत सामावून घेतले गेले. २०१२ मध्ये नियम बदलून हे भाग मोजणीत आले, त्याबदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवे तसे वापरता येणारे जादा चटई क्षेत्र मिळाले, आणि फुगवटे आले तसेच ओसरले. ते वळण हिशेबाचे होते, म्हणून हिशेबाबरोबर गेले. आज लाटेसारख्या गॅलऱ्या आखताना हा इतिहास ध्यानात ठेवावा. लाटेच्या सर्वांत रुंद भागात रहिवासी काचेची सरकती खिडकी लावणार, अरुंद भागात एसीचे बाहेरचे युनिट टांगणार आणि कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधणार. यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कपडे कोठे वाळतील आणि युनिट कोठे बसेल, हे ज्या नकाशात दाखवलेले नाही तो नकाशा पुरा झालेला नाही, असे मी मानतो.

बांधकामाच्या बाजूने एवढेच सांगतो की मायवानचे सारे गणित एकसारख्या मजल्यांवर उभे आहे. मजला बदलला की साचा बदलतो आणि दिवस वाढतात. ॲक्वामध्ये पेटी सरळ ठेवून फक्त स्लॅबची कड बदलली आणि कडेची पोलादी पट्टी दर मजल्यावर नव्याने वाकवून पुन्हा वापरली, म्हणून ते काम आटोक्यात राहिले. मायामीतील वन थाउजंड म्युझियम या हदीद यांच्या ६२ मजली निवासी मनोऱ्यात बाहेरचा वक्र सांगाडा काचतंतूयुक्त काँक्रीटच्या कवचांत ओतला गेला आणि ती कवचे तशीच ठेवली गेली. कवचे दुबईहून जहाजाने आणली होती. असा खर्च सोसणारे गिऱ्हाईक प्रत्येक प्रकल्पाला लाभत नाही.

शेवटचा मुद्दा देखभालीचा आहे आणि तो सहसा कोणी ऐकून घेत नाही, कारण भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर आपण आणि आम्ही दोघेही निघून जातो. मागे उरते सोसायटी. कोपानच्या दर्शनी भागावरील लहान फरश्या पडू लागल्या तेव्हा त्या अवाढव्य नागमोडी देहाला जाळ्यांनी झाकून ठेवण्याची पाळी आली. आपल्याकडे बाहेर झुकलेल्या भागाखाली दोरीवरचा रंगारी पोहोचत नाही, कारण तो भिंतीपासून दूर लोंबकळतो. माणसांना भिंतीलगत खाली-वर नेणारा पाळणा लावायचा तर त्याचे रूळ मूळ रचनेत असावे लागतात, मागाहून बसत नाहीत. मिश्र वापरात तर दुकानवाले, हॉटेल आणि घरमालक यांपैकी कोणत्या वळणाची डागडुजी कोणी करायची, यावरच भांडणे जुंपतात. म्हणून ताबा देताना सोसायटीच्या हाती प्रत्येक वेगळ्या आकाराच्या पॅनेलचा क्रमांक व मापे असलेली संगणकीय फाइल, मोजके जादा पॅनेल, शक्य असेल तिथे साचे, पाळण्याच्या रुळांचा नकाशा आणि डागडुजीचा खर्च कोणत्या वापराने किती उचलायचा याचा लेखी तक्ता द्यावा. आणि हे सारे देण्याची अट आपल्या शुल्काच्या करारात आधीच लिहून घ्यावी, म्हणजे पंधरा वर्षांनी एखादे पॅनेल तडकले तर त्याच्या जागी सपाट पत्रा ठोकण्याची वेळ कोणावर येणार नाही.

आपला नम्र,
एक आरसीसी कन्सल्टंट, मुंबई